ग्राम्फू ते बातल: जुनी गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी

'रोड एकदम मस्त झालाय' असं मनालीत ज्यानं सांगितलं, तो ग्राम्फूच्या पुढे कधी गेलेलाच नसणार. अटल बोगद्यातून कोकसरपर्यंत काही त्रास नाही. ग्राम्फूला स्पितीतल्या काझ्याचा फाटा घेतला की बातलपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर म्हणजे चंद्रा नदीच्या काठचे गोटे आणि मधूनमधून नाले. नव्या गाड्यांवरची पोरं फूटरेस्टवर उभी राहून निघून जातात. माझी कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायात गिअर असलेली साडेतीनशे सीसीची जुनी बुलेट. तिचं गणित वेगळं.

निघण्याआधी गॅरेजवाला म्हणाला होता, 'सगळे नट-बोल्ट आवळलेत, डोळे मिटून जा.' आवळले असतीलही. पण लांब स्ट्रोकच्या एकाच सिलिंडरचे हादरे, त्यात खालून गोटे. प्रत्येक हादऱ्याला बोल्टची पकड किंचित सुटते आणि तो आट्यांवरून उलटा सरकतो. नुसत्या स्प्रिंग वॉशरच्या भरवशावर तो थांबत नाही. आणि आवळताना जास्त जोर लावला तर अॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटेच जातात.

छत्रूच्या पुढे सायलेन्सरचा मागचा बोल्ट गायब. बाइंडिंग वायरनं बांधला. मग हँडलला भलतीच थरथर सुरू झाली, उतरून पाहतो तर इंजिनाच्या फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन चॅसीला धरणारा, नट निम्म्याहून बाहेर. बातलला पोचेपर्यंत कॅरियरचा एक पाइप तुटला होता. त्याला तंबूची खुंटी लावून दोन होज क्लिपा आवळल्या, काझ्यापर्यंत टिकल्या.

थ्रेड लॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, निळाच घ्या. लाल लावलेला बोल्ट तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि तिथे कशावर तापवणार? आटे आधी पेट्रोलनं पुसून कोरडे करा, तेलकट आट्यांवर तो धरत नाही. सायलेन्सरजवळ नायलॉक नट नको, आतलं नायलॉन उष्णतेनं मऊ पडतं. तिथे दोन नट एकमेकांवर आवळा.

आणि नेलपेंट न्या. हसू नका. फाउंडेशन, मागच्या ब्रेकचा टॉर्क आर्म, मडगार्डचे स्टे, मागचं स्प्रॉकेट, या प्रत्येक नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. चहाला थांबाल तिथे गाडीभोवती एक चक्कर, बस. माझ्या महागड्या टूलकिटपेक्षा ती बाटली जास्त कामाची ठरली.

या जुन्या गाड्यांत काही आटे इंची, काही एमएम. इंची बोल्ट वाटेत मिळेल ही आशा सोडा, घरूनच एकेक जादा घ्या. एमएमचा बोल्ट 'बसतो की' म्हणून पिळणारा कुणी भेटला तर त्याच्या हातातून पाना काढून घ्या. हेडचे नट गरम इंजिनावर कुणालाही आवळू देऊ नका.

बातलच्या पुढे कुंझुम खिंडीच्या चढावर, साडेचार हजार मीटरांच्या वर, गाडी दम सोडते आणि काळा धूर मारते. ही नट-बोल्टांची भानगड नाही. हवा विरळ, त्यामुळे पेट्रोल जास्त पडतं. लोसरकडे उतरलात की बरी होते, वाटेत कार्बोरेटर खोलत बसू नका.

काझ्यात कॅरियरला वेल्डिंगचे दोन टाके मारायचे आठशे रुपये घेतले. भाव टाके मारून झाल्यावर सांगितला! रॉड पेटायच्या आधी ठरवा. बॅटरीच्या वायरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. 'कुछ नहीं होता' हे ऐकूच नका.

नाले सकाळी लवकर ओलांडा, ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं. सामान कॅरियरवर अजिबात नको, सॅडलबॅग सीटवर टाका.

परतीचा किन्नौरचा रस्ता सुंदर आहे, सांगण्यासारखं काही घडलं नाही. जुनी गाडी आणि मागे कुणी बसणार असेल, तर ग्राम्फू-बातल करूच नका. शिमल्याकडून किन्नौरमार्गे काझ्याला जा आणि त्याच वाटेनं परत या.