नाव कुठे घातलंस?

प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा आईला फोन केला, तर आनंद झाल्यावर तिचा पहिला प्रश्न, "मग नाव कुठे घातलंस?" आपल्याकडे नाव घालायचं म्हणजे ओळखीतली चांगली गायनॅक बघायची, हॉस्पिटल घराजवळ आहे ना बघायचं, झालं. मी म्हटलं, अगं इथे नेदरलँड्समध्ये सुईणीकडे नाव घालतात. आई गप्पच झाली. ती स्वतः गावी घरात सुईणीच्या हातून झालेली, पण मी मात्र पुण्यात हॉस्पिटलातच व्हावी म्हणून तिने हट्ट धरला होता, त्यामुळे तिला किती भीती वाटली असेल ते आत्ता कळतंय.

इथे तिला फर्लोसकुंडिखे म्हणतात, चार वर्षं शिकून आलेली असते. सगळं नॉर्मल असेल तर नऊ महिने तीच बघते आणि बाळंतपणही तीच करते, घरी नाहीतर हॉस्पिटलात. काही गुंतागुंत दिसली तरच ती गायनॅककडे पाठवते, आपल्याला थेट जाऊन नाव घालता येत नाही. पैसे बेसिक इन्शुरन्समधून जातात, आणि वर्षाच्या उपचारखर्चातले पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून भरायचे असतात ना, ते सुईणीच्या फीला लागत नाहीत. पण लॅबच्या रक्त तपासण्या, अँब्युलन्स यांना लागतात. आणि काही कारण नसताना हॉस्पिटलात बाळंतपण हवं असेल तर थोडे पैसे वेगळे भरावे लागतात, हे मला फार उशिरा कळलं.

सुईणींची पहिली प्रॅक्टिस, म्हणजे त्यांचा दवाखाना, मी फक्त घरापासून सायकलवर पाच मिनिटं म्हणून घेतली. दर वेळी वेगळी बाई, दहा मिनिटांत बाहेर. मधुमेहाचं विचारलं, माझ्या बाबांना आहे, आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई बायकांची इथे साखरेची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत करतात असं वाचलेलं, तर "बघू पुढे" एवढंच. घरी येऊन खूप रडले. मग एका मैत्रिणीने सांगितलं की मधेच बदलता येतं, फाइल दुसरीकडे पाठवतात, कोणी रागावत नाही. एकोणिसाव्या आठवड्यात बदलली.

नवीन ठिकाणी जायच्या आधी वहीत प्रश्न लिहून नेले. तुम्ही किती जणी आहात, रात्री कळा सुरू झाल्या तर कोण येणार, माझी तिच्याशी आधी भेट झालेली असेल का, एपिड्युरल, म्हणजे कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन, हवं असेल तर काय. ती बाई माझ्याच वहीत लिहायला लागली. एका बाजूला घर काढलं, दुसऱ्या बाजूला हॉस्पिटल, मधे बाण, आणि बाणावर एकेक कारण, पाण्यात बाळाची शी दिसली, पाणी जाऊन २४ तास झाले, कळा आहेत पण पुढे सरकत नाही, एपिड्युरल हवं. यातलं काही झालं की मी तुला हॉस्पिटलात सोपवणार, म्हणाली, त्यात तुझं काही चुकलं असं समजू नकोस. साखरेची टेस्ट तिने तिथेच लिहून दिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपले.

आणि एक, क्राम्झोर्ख, म्हणजे बाळंतपणानंतर आठवडाभर घरी मदतनीस येते ती सोय, तिचंही बुकिंग लवकर करा. वाकून काम करून त्या मदतनिसाची पाठ धरू नये म्हणून पलंग ७० ते ८० सेंटिमीटर उंच लागतो, पायाखाली ठोकळे घालावे लागतात, ते भाड्याने मिळतात.

माझं झालं ते बाणाच्या दुसऱ्या टोकाला. पाणी हिरवं गेलं, म्हणजे त्यात बाळाची शी, रात्री दोन वाजता हॉस्पिटल. सुईण सोबत आली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना मी काय काय विचारलेलं, मला कशाची भीती वाटते, सगळं माझ्यादेखत सांगून मगच घरी गेली.

चौथ्या दिवशी ती बाळाला बघायला घरी आली. आई तोवर पुण्याहून आली होती. आईने माझ्यामार्फत तिला शंभर प्रश्न विचारले, नाळ, कावीळ, अंगावरचं दूध, आणि तिने एकेकाचं उत्तर खुर्ची ओढून आईसमोर बसून दिलं. जाताना आईने तिच्या हातात अळिवाचे दोन लाडू ठेवले, आणि मला म्हणाली, "हिला विचार, परत कधी येणार."