विटांचे पोपडे, तिकडचे आणि आपल्याकडचे

ताईचं घर कॅनडातल्या ओंटारियोत आहे, जुनं, लाल विटांचं. थंडी ओसरल्यावर तिने व्हिडिओ कॉलवर पुढची भिंत दाखवली आणि मला लई वाईट वाटलं. विटांची तोंडं पोपडे सुटून खाली पडलेली, आतला लाल भुसा उघडा, आणि विटांमधल्या सिमेंटच्या दरजा (सांधे) मात्र टणक, विटेच्या पुढे आलेल्या. ती म्हणते वीटच खराब निघाली. मी म्हटलं ताई, वीट बरी आहे, दरजांनी घात केलाय.

पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं. विटेत ओल मुरलेली, रात्री गोठते, दुपारी उन्हात वितळते, परत रात्री गोठते, असं हिवाळाभर चालतं. मूळच्या चुन्याच्या दरजांमधून ओल निघून जायची. मग मागे कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून सिमेंट भरलं, ओलीला वाट राहिली ती फक्त विटेतून, मग वीटच फुटणार ना.

आपल्या सोलापुरात बर्फ नाही, मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, पण बाळीवेशीकडच्या जुन्या घरांत जाऊन बघा, खालच्या तीन-चार फुटांना लोणा लागलेला असतो. बोटाने खरवडलं की पांढरी पूड पडते, चवीला खारट. तिकडे बर्फ करतो ते इथे मीठ करतं, ओल वाळताना विटेच्या आत मिठाचे खडे धरतात आणि तोंड ढकलून पाडतात. आणि आपण काय करतो, तर वरून सिमेंटचा गिलावा. ओल आत कोंडते आणि गिलाव्याच्या वर चढते, म्हणून पुढच्या वर्षी लोणा फूटभर वर दिसतो!

ताईला सांगितलं ते असं: आधी पन्हाळ आणि खाली येणारा पाईप बघ, पाणी भिंतीवर पडत असेल तर बाकी सगळा खर्च वाया. मग दरजा छिन्नीने हळू काढायच्या (ग्राइंडर विटेच्या कडा खातो), रुंदीच्या दोन-अडीच पट खोल, आणि 1 सिमेंट, 2 चुना, 9 वाळू असा मऊ माल थराथराने दाबून भरायचा, वीट फारच मऊ असली तर नुसता चुना. हे काम उन्हाळ्यातच, 5 अंशांच्या खाली नाही. चकचकीत सीलर (पाणी अडवणारा लेप) लावायचाच नाही, लावायचा तर सिलेन-सिलॉक्सेनवाला, त्यातून वाफ बाहेर जाते.

पायऱ्यांच्या काँक्रीटचं वेगळं. तिकडे मुद्दाम 5 ते 8 टक्के बारीक हवेचे बुडबुडे असलेलं काँक्रीट वापरतात, गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळते. आपण स्लॅबवर गोणपाट टाकून पाणी मारतो, तिकडे थंडीत काम निघालंच तर ताज्या काँक्रीटवर जाड ब्लँकेट टाकतात, सुरुवातीलाच गोठलं तर पूर्ण ताकद येत नाही. आणि पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायचं मीठ अजिबात नको, घसरू नये म्हणून वाळू टाकायची.

आपल्याकडे गच्चीच्या स्लॅबचं हेच दुखणं, फक्त तिथे फुगतो तो सळईचा गंज, आणि खालून छताचे तुकडे सुटतात. तिथे नुसतं सिमेंट लिंपून घेऊ नका. सळईच्या मागेपर्यंत फोडून, गंज घासून, गंजरोधक लावूनच पॉलिमर मॉर्टर भरायला सांगा, आणि गळती कुठून आहे ते वर गच्चीत शोधा, पावसाळ्याच्या आधी.