तुम्ही विचारलंत म्हणून: मांजर घरात, किट टेबलावर

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: मांजर दिवसभर पायांत घुटमळतं, टेबलावर चढतं, दार लावलं की ओरडतं, अशा घरात प्लास्टिकचं स्केल मॉडेल (किटमधले सुटे भाग जोडून केलेली विमानाची छोटी प्रतिकृती) पूर्ण होतं तरी कसं? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो आणि तो जास्त महत्त्वाचा असतो: भाग चिकटवायच्या त्या सिमेंटचा, रंगाच्या थिनरचा मांजराला त्रास होत नाही का? होतो. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यावं लागतं.

मांजराला टेबलापासून लांब ठेवण्यात लोक फार शक्ती घालवतात. शिस्त लावायची ती आपल्या कामाला. प्रत्येक काम हातात घेण्याआधी बघायचं, की हे किती सेकंदांत खाली ठेवता येईल? स्प्रूवरून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) मोठे भाग कापणं, कडा घासणं, वैमानिकाची खुर्ची ब्रशने रंगवणं, भाग क्रमाने डब्यांत लावणं ही पाच सेकंदांत थांबवता येणारी कामं आहेत. मांजर मांडीवर येऊन बसलं तरी ती होतात. कॅनपीचं (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाचं) मास्किंग म्हणजे रंग लागू नये म्हणून टेपने झाकणं, डिकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं, फोटोएच म्हणजे पितळी पत्र्याचे बारीक भाग आणि दुपंखी विमानाच्या तारा ही कामं तास-पाऊण तास सलग मागतात. रंगाचा फवारा मारणाऱ्या एअरब्रशची गोष्टच वेगळी. लॅकर त्याच्या कपात ओतला की मधे उठता येत नाही, आणि मांजर तेव्हा त्या खोलीत असताच कामा नये.

पहिल्या प्रकारची कामं केव्हाही करा. दुसऱ्या प्रकारासाठी मांजराची झोप गाठायची, आणि ती झोप आपल्याला आणता येते. मांजर सर्वांत जास्त जागं असतं ते पहाटे आणि तिन्हीसांजेला. ऑफिसातून आल्या आल्या किट उघडलं की ते टेबलावर उडी मारतं त्याचं कारण हेच. त्याचा स्वभावक्रम शिकार, खाणं, अंग चाटणं आणि झोप असा ठरलेला आहे. तोच क्रम घडवून आणा. काठीला बांधलेल्या पिसाने दहा-पंधरा मिनिटं खरोखर पळवायचं, शेवटी पीस त्याच्या पंजात सापडू द्यायचं आणि लगेच रात्रीचं खाणं वाढायचं. ते अंग चाटायला लागलं की आपण ब्रश धुवून तयार. नुसतं खाणं देऊन भागत नाही, आधीचा खेळ चुकवला की पोटभर खाल्लेलं मांजर पुन्हा टेबलाकडे येतं. खेळ झाल्यावर पिसाची ती काठी कपाटात बंद करायची, कारण तिचा दोराही गिळला जातो.

टेबलावर येण्यामागे त्याला उंची हवी असते आणि तुमच्याजवळ बसायचं असतं. टेबलापासून हातभर अंतरावर, टेबलापेक्षा जरा उंच, जुन्या चादरीची घडी घातलेला किटचा रिकामा खोका ठेवा. बहुतेक मांजरं तो पसंत करतात. दार लावायची वेळ आली आणि ते ओरडायला लागलं, तर ओरडत असताना दार उघडू नका. एकदा उघडलंत की ओरडलं म्हणजे दार उघडतं हे ते शिकतं, आणि पुढच्या वेळी दुप्पट ओरडतं. आवाज थांबल्यावर, थोडं थांबून उघडा.

टेबलाची मांडणी एकाच नियमावर करायची: उघडं असलेलं सगळं एका हाताने झाकता आलं पाहिजे. भागांसाठी झाकणाचे छोटे डबे, ब्रश धुवायच्या पाण्याला फिरकीच्या झाकणाची बरणी. मांजरं पेल्यातलं पाणी आवडीने पितात आणि त्यांना ब्रशचं पाणी वेगळं कळत नाही. एक्स्ट्रा थिन सिमेंटच्या ४० मिलीच्या बाटलीसाठी लाकडी ठोकळ्यात खोलगट खाच करून घ्या, म्हणजे शेपटीचा फटका बसला तरी बाटली कलंडत नाही. थर्मोकोलचा ठोकळा वापरू नका. थर्मोकोल आणि किट दोन्ही पॉलिस्टायरीनच. सांडलेलं सिमेंट ठोकळा विरघळवत खाली टेबलापर्यंत जातं. बाटली उघडी राहते ती ब्रश सांध्याला टेकवण्यापुरती. हे सिमेंट पाण्यासारखं पातळ असल्याने दोन भाग घट्ट धरून ब्रश फटीला टेकवला की केशाकर्षणाने आपोआप आत पसरतं, म्हणून ब्रश पुन्हा पुन्हा बुडवावा लागत नाही. पंख जोडला की अर्ध्या तासात हात लावता येतो. घासायला मात्र पूर्ण दिवस थांबायचं.

आता सिमेंट आणि थिनर. मांजराचं यकृत काही रसायनं आपल्यासारखी मोडू शकत नाही. एक पॅरासिटामॉलची गोळी माणसाला काही करत नाही, तीच मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करून बाहेर टाकायला लागणारं एक एन्झाइम त्याच्यात नीट चालत नाही. म्हणून ‘मला वास सहन होतो’ हे माप इथे लागू पडत नाही. साध्या पातळ सिमेंटमध्ये अॅसिटोन आणि ब्युटाइल अॅसिटेट असतात. वास उग्र, पण उडून जाणारा. त्याऐवजी संत्र्याच्या वासाचं लिमोनीन सिमेंट सौम्य म्हणून बरेच जण घेतात. माणसाच्या नाकाला ते बरं वाटतं हे खरं, पण लिमोनीन म्हणजे लिंबूवर्गीय सालीतलं तेल, आणि ते मांजराला बाधतं. मांजर असलेल्या घरात ते आणूच नका. मांजर टेबलावर येऊ नये म्हणून संत्र्याचं किंवा निलगिरीचं तेल लावायचा सल्लाही याच कारणासाठी चुकीचा आहे. टेबलाच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली तर पुष्कळ मांजरांना ती पंजाखाली आवडत नाही, तेवढी पुरते.

रंगांत पाण्यावर चालणारे अॅक्रिलिक ब्रशने लावायला घ्या. टामियाचे अॅक्रिलिक पाण्यात मिसळतात खरे, पण त्यांत अल्कोहोल असतं, त्यांना पाण्याचे रंग समजू नका. लॅकर आणि इनॅमल बंद दाराआड, खिडकीबाहेर हवा फेकणाऱ्या स्प्रे बूथमध्येच मारायचे, काम संपल्यावरही पंखा अर्धा तास चालू ठेवायचा. खिडकीला जाळी असलीच पाहिजे, ती मांजरासाठी. वापरलेले थिनरचे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. उघड्या कचरापेटीत टाकलेला बोळा मांजर बाहेर काढतं.

एवढं करूनही रंग अंगाला लागलाच, तर थिनर किंवा टर्पेंटाइनने पुसायला जाऊ नका. मांजर ते चाटून पोटात घेईल. टॉवेलमध्ये गुंडाळून चाटणं थांबवा, कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा थेंब घालून धुवा. वाळलेलं इनॅमल किंवा फेविक्विक असेल तर तेवढे केस कातरा. थिनर किंवा व्हाइट स्पिरिट पोटात गेल्याची शंका असेल तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. सरळ डॉक्टरांकडे न्या. जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर आधीच टेबलाशेजारी लिहून ठेवा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतंच, पण रात्री कोण उघडं असतं ते ज्याने त्याने आपल्या भागात आधी विचारून ठेवावं.

वासापेक्षाही मला जास्त धास्ती वाटते ती दोऱ्याची. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि दुसरं आतड्यात उतरलं, की आतडं दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि दोरा ते कापतो. मॉडेलिंगच्या टेबलावर असे दोरे किती असतात बघा: तारांसाठीचा लवचीक धागा, मेणबत्तीवर ताणलेला स्प्रू, मास्किंग टेपच्या सोललेल्या पट्ट्या, सांधा आवळायला लावलेले रबरबँड. रबरबँड हद्दपार करा, त्यांच्या जागी कपड्यांचे चिमटे आणि टेप वापरा. टायगर मॉथसारखं दुपंखी विमान तारांनी बांधताना धाग्याचा प्रत्येक तुकडा कापल्या कापल्या बरणीत टाकायचा आणि उठण्याआधी तुकडे मोजायचे. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. तसंच डॉक्टरांकडे न्या. प्लास्टिकचा तुकडा गिळला असेल तर तो एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, म्हणून काय गिळलं हे सांगताना त्याच स्प्रूचा तुकडा बरोबर न्या.

वजनाचंही तसंच. पुढचं चाक नाकाखाली असलेलं विमान शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरावं लागतं. शिशाचे छर्रे विषारी असतात आणि जमिनीवर घरंगळतात. सायकलवाल्याकडचे बेअरिंगचे लोखंडी छर्रे घ्या. जरा जास्त जागा खातात, पण खाली पडले तर लोहचुंबकाने उचलता येतात.

केसांची तक्रार सगळेच करतात. मॉडेलवर केस उडून पडतात त्यापेक्षा प्लास्टिकच त्यांना ओढून घेतं. पॉलिस्टायरीन कोरड्या कापडाने पुसलं की त्यावर स्थिर वीज जमते आणि खोलीतला प्रत्येक केस तिकडे धावतो. पुण्या-नाशिककडच्या कोरड्या हिवाळ्यात हे फार जाणवतं, कोकणच्या पावसाळ्यात कमी. प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) आधी मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवून, आपोआप वाळू द्या. रंगवण्याच्या क्षणी जरा ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. कोरडं पुसणं बंद. रंगवायच्या दिवशी मांजराला दुसऱ्या खोलीत विंचरा, अंगातला शर्ट बदला आणि पंखा बंद करून दहा मिनिटं धूळ बसू द्या. शी-शूचं तसराळं त्या खोलीत ठेवू नका; मातीच्या लिटरची बारीक धूळ ग्लॉसवर म्हणजे चकचकीत रंगावर पावडरीसारखी बसते.

रंग मारल्या मारल्या मॉडेलवर पारदर्शक केकचं झाकण किंवा मोठा डबा उपडा घाला. खाली आइस्क्रीमच्या दोन काड्या ठेवून बारीक फट राखा, नाहीतर सॉल्व्हंटची वाफ आत कोंडून रंग मऊच राहतो. पावसाळ्यात लॅकर पांढुरका पडतो, कारण थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. त्या दिवशी मांजराशी खेळा, फवारा मारू नका.

ओल्या ग्लॉसमध्ये केस पडलाच तर बोट लावू नका. त्याचं एक टोक वर उभं असेल तर अणकुचीदार चिमट्याने टोक धरून पृष्ठभागाला समांतर, एका दमात ओढा. मागची रेघ रंग स्वतः भरून काढतो. टोक दिसत नसेल तर सोडून द्या. अॅक्रिलिक असेल तर दिवसभर, इनॅमल असेल तर दोन-तीन दिवस वाळू द्या, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून तेवढंच घासा आणि पातळ हात पुन्हा मारा. डिकलखाली राहिलेला केस मात्र निघत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना हवा अडकून चंदेरी पट्टा दिसतो. डिकल सरकवण्याआधी ती जागा तिरप्या उजेडात बघायची सवय लावा.

पंजाचा पहिला बळी ठरतो तो विमानाचा पिटोट, म्हणजे वेग मोजायची पुढे आलेली बारीक नळी. मिग-२१ घ्या, ज्याची कित्येक विमानं ओझरच्या कारखान्यात तयार झाली आणि ज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये वायुसेनेचा निरोप घेतला. १/७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये त्याचा पंखविस्तार जेमतेम १० सेंटीमीटर, आणि बिस प्रकारात नाकावर पुढे आलेली ती काडी. प्लास्टिकची काडी मोडणारच. ती सुरुवातीलाच कापून तिथे ०.५ मिमीच्या ड्रिलने हाताने तीन-चार मिमी खोल भोक करा. २६ गेजच्या इंजेक्शनच्या सुईचा बाहेरचा व्यास सुमारे ०.४६ मिमी असतो, ती अचूक बसते. सुई निपरने कापली तर नळी चपटी होते; त्रिकोणी कानस टेकवून सुई गोल फिरवत खाच पाडायची आणि मोडायची. अणी आधीच कापून टोपणात बंद करून टाका. बसवताना सुपरग्लू लावू नका, पांढऱ्या डिंकाचा ठिपका पुरे. पंजा लागला तर सुई निघून येते, नाक फुटत नाही. अँटेना, तोफांच्या नळ्या, चाकांची दारं यांनाही हाच न्याय: स्वतंत्र रंगवून डब्यात ठेवायची आणि मॉडेल कपाटात जाण्याच्या दिवशी लावायची.

भाग जमिनीवर उडाला तर मांजर उठायच्या आधी विजेरी जमिनीवर आडवी ठेवून उजेड पसरवा, बारीक भागाची लांब सावली पडते. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर जुना नायलॉनचा मोजा ताणून बांधला तर भाग मोज्याला चिकटून मिळतो. त्याआधी मांजराच्या पंजाखाली बघा.

कपाटाचा वरचा माथा मांजराच्या दृष्टीने उंच नाही. टेबलावरून तिथे जायला त्याला एक उडी पुरते. काचेची दारं असलेलं, भिंतीला स्क्रूने आवळलेलं शोकेसच हवं, आणि दारांच्या फटीला फोमची पट्टी. प्रत्येक विमान लाकडी पाटावर, चाकांखाली म्युझियम पुटीचा (वस्तू जागी धरणाऱ्या मऊ, चिकट लगद्याचा) तांदळाएवढा कण ठेवून बसवा. मांजर शेजारच्या सोफ्यावरून कपाटावर आदळलं तरी ते जागचं हलत नाही.