पाणी न धरणारा अननस

शनिवार, १४ जून. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि खिडकीबाहेर अजून उजेड. आईला त्यामुळे झोप येत नाही. "इथला सूर्य कामावरून सुटतच नाही गो," असं ती रोज म्हणते.

आज तिला डनमोरचा अननस दाखवायला नेलं. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगपासून जवळ, एअर्थ गावाच्या पुढे. वळणाची पाटी दिसली ती वळण मागे पडल्यावर. परत फिरलो. मग अरुंद रस्ता, झाडी, गाड्या लावायला थोडी जागा. तिथून चालत कोपरा वळलो की झाडांच्या वर थेट अननस दिसतो. साधारण १४ मीटर उंच, अख्खा दगडाचा.

आई थांबली. चष्मा पुसला. "देऊळ आहे?"

नाही. इंग्रजीत अशा इमारतीला फॉली म्हणतात. सरळ सांगायचं तर श्रीमंताचं खूळ. हे खूळ डनमोरच्या चौथ्या अर्लचं, म्हणजे तिथल्या उमरावाचं, जॉन मरेचं. उंच भिंतींनी वेढलेली त्याची मोठी बाग, तिच्या उत्तरेच्या भिंतीत मधोमध हे बांधकाम. खाली खांब, कमान, सगळं शिस्तीत. वर मात्र साहेबांचा तोल सुटलेला.

कमानीवर १७६१ कोरलंय. तेव्हा साहेब अमेरिकेला गेलेही नव्हते. पुढे १७७१ मध्ये तिथल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीचे गव्हर्नर झाले आणि इंग्रज राजाचे तिथले शेवटचेच ठरले. १७७५ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीरनामा काढला, की राजाविरुद्ध उठलेल्या बंडखोरांचे जे गुलाम आपल्या बाजूने लढायला येतील ते मोकळे. स्वतःच्या पदरी गुलाम होतेच, त्यांचा त्यात विषय नव्हता. पुढच्या वर्षी तिथून पळावं लागलं. तिकडचे खलाशी सफरीहून परतले की फाटकाच्या खांबावर अननस ठेवत, 'आलो हो घरी' हे शेजाऱ्यांना कळावं म्हणून. परत आल्यावर साहेबांनी खालच्या जुन्या बांधकामावर तीच गंमत दगडात केली, अशी गोष्ट सांगतात. खरी असेल तर माणूस निगरगट्टच म्हणायचा. जी वसाहत सांभाळायला गेला ती घालवून आला, आणि वर एवढा मोठा अननस!

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होते. तिचं लक्ष नव्हतं. मान वर करून ती पानं बघत होती. खालची पानं रुंद, बाहेर वळलेली, कडांना करवतीसारखे दाते. वरचा तुरा ताठ. मधले डोळे एकेक वेगळे, फुगीर.

"पानं चुकली बघ," ती म्हणाली.

आमच्या सावंतवाडीच्या घरी परड्यात कुंपणाच्या कडेने अननस होते. पावसात त्या पानांच्या बेचक्यांत पाणी साचायचं, त्यात बेडकाची पिल्लं. खऱ्या अननसाचं पान पन्हळीसारखं असतं, पाणी धरून बुंध्याशी नेणारं. इथली पानं पाणी बाहेर टाकणारी आहेत. आईने हे खालून, चष्म्यातून ओळखलं. आणि ते मुद्दामच तसं केलेलं आहे: प्रत्येक पानाचं पाणी वेगळं काढून दिलंय, डोळ्यांनाही असा उतार दिलाय की थेंब कुठे अडकू नये. थंडीत अडकलेल्या पाण्याचं बर्फ झालं की ते फुगतं आणि दगड फोडतं.

"म्हणजे गवंडी शहाणा होता," आई म्हणाली. कौलारू घरात चाळीस पावसाळे काढलेल्या बाईकडून ही मोठी पावती.

मग मी तिला भिंतीवरचे चार दगडी कलश दाखवले. ती धुराडी. आत भट्टी पेटवायची, गरम हवा भिंतीतल्या पोकळीतून फिरवायची, आणि लगतच्या काचघरांत स्कॉटलंडच्या थंडीत खरे अननस पिकवायचे. धूर त्या कलशांतून बाहेर. आमच्याकडे कुंपणाला आपसूक येणाऱ्या फळासाठी इथे माणसं कोळसा ओढत होती! खूळ म्हणतात ते खरं यालाच म्हणायला हवं. वरचा दगडी अननस त्या मानाने बिनखर्चाचा.

हल्ली हे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या मालकीचं आहे, आणि लँडमार्क ट्रस्ट ते सुट्टीत राहायला भाड्याने देतं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. हिरवळीवर डबा उघडला. घावणे गार झाले होते.

खाता खाता आईने विचारलं, यांच्या भाषेत याला काय म्हणतात. पाइनॅपल, मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. अननस हे नाव मूळचं ब्राझीलच्या तुपी लोकांचं, पोर्तुगिजांच्या जिभेवर बसून फळाबरोबर आपल्या किनाऱ्याला लागलं. युरोपातही बहुतेक सगळे अननासच म्हणतात. इंग्रजांनीच काय ते वेगळं काढलं.

येताना सुपरमार्केटातून एक घेतला. संध्याकाळी सासव केलं: खोबरं, सुकी मिरची, गूळ, वरून मोहरी. मिक्सर जरा जास्त फिरला आणि मोहरी कडवट उतरली. आई काही बोलली नाही. तिने कापून ठेवलेला तुरा उचलला, खालची पानं सोलली, दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात खोचला आणि खिडकीत, खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या वर नेऊन ठेवला.

"हे कधी पेटवतात?"

ऑक्टोबरात, म्हटलं.

"तोवर मी नसणार. लक्षात ठेव."