रिकाम्या पाकिटात असतं काय?

‘आत पत्र आहे का?’ माझ्याकडचं एखादं जुनं पाकीट हातात घेतलं की माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच : मग रिकामं पाकीट एवढं जपायचं कशाला? शाहू स्मारकात तिकिटांचं प्रदर्शन भरलं की दिवसभर हेच चालतं. तिकिटं गोळा करणं लोकांना कळतं. पण घोड्यावरून गेलेल्या टपालाची पाकिटं, आणि तीही कोल्हापुरात बसून, हे काही केल्या पचत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तरच सांगतो.

पत्रात काय असतं? तब्येत, पैसे, कुणाचं लग्न, आणि मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही ही तक्रार. दीडशे वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही. ते पत्र पोचलं कसं, हे मात्र त्यात कधीच नसतं. असणार तरी कसं? लिहिणाऱ्यानं घडी घालून बंद केल्यावरच त्याचा प्रवास सुरू होतो. तो सगळा प्रवास बाहेरच्या बाजूला उमटतो, आणि मला तोच हवा असतो.

घोड्याच्या टपालात सगळ्यात गाजलेली अमेरिकेची पोनी एक्सप्रेस. ३ एप्रिल १८६० ला सुरू झाली आणि ऑक्टोबर १८६१ मध्ये बंद पडली. म्हणजे जेमतेम दीड वर्ष. मिसुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे १,९०० मैल, साधारण दहा दिवसांत. दर दहा-पंधरा मैलांवर ताजा घोडा तयार. टपालासाठी मोचिला नावाची कातडी झूल होती, तिला चार कप्पे. ती खोगिरावर नुसती टाकायची आणि स्वारानं तिच्यावरच मांड ठोकायची. घोडा बदलताना झूल उचलून दुसऱ्या घोड्यावर टाकली की झालं, गाठी सोडायचा वेळ वाचला. शेवटी तारेचं जाळं देशभर जोडलं गेलं आणि घोड्यांचं काम संपलं. मालकांचं दिवाळंही वाजलं, पण त्यात नवल नाही, धंदा म्हणून हे प्रकरण पहिल्यापासूनच तोट्याचं होतं.

गुजरीत आमच्या ओळखीचा एक सराफ आहे. त्याला पाकीट दाखवलं की तो आधी तळहातावर तोलतो. ‘काका, वजन तर काहीच न्हाई की ओ ह्याला!’ मग त्याला त्याच्याच भाषेत हिशेब सांगितला. पोनी एक्सप्रेसचा सुरुवातीचा दर अर्ध्या औंसाला पाच डॉलर. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. त्या काळी अमेरिकेत सोन्याचा भाव औंसाला २० डॉलर ६७ सेंट, आणि सोन्याचा औंस एकतीस ग्रॅमचा. कर हिशेब. त्यानं कॅल्क्युलेटर ओढला आणि गप्प झाला. चौदा ग्रॅमच्या पत्राला साडेसात ग्रॅम सोनं! आपल्याकडे त्याच्या काही वर्षं आधी, १८५४ पासून, पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठंही जात होतं. सराफानं त्यानंतर रिकामं पाकीट म्हणून कधी हिणवलं नाही.

म्हणूनच तिथले लोक अगदी पातळ कागदावर बारीक अक्षरात लिहीत. पाकीट मात्र बहुतेक वेळा साधंच, सरकारी छापील, दहा सेंटचं. घोडा खासगी असला तरी सरकारचा टपालखर्च भरावाच लागे. लिलावाच्या कॅटलॉगमधला असा एखादा फोटो भिंगाखाली धरा. कोपऱ्यात सरकारी छाप. त्याच्या बाजूला लंबगोल शिक्का, त्यात पळता घोडा आणि सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्याची तारीख. मग सेंट जोसेफचा शिक्का, दुसऱ्या शाईचा, दहा-बारा दिवसांनंतरचा. तिथून पुढं न्यूयॉर्कपर्यंत आगगाडी. दोन तारखांची वजाबाकी केली की वाळवंट, डोंगर, बर्फ सगळं त्यात आलं. उन्हाळ्यात ती वजाबाकी लहान येते, हिवाळ्यात मोठी. पत्र लिहिणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

याचा कळस म्हणजे १८६० च्या उन्हाळ्यातलं एक टपाल. ते वाटेत लुटलं गेलं आणि जवळपास दोन वर्षांनी सापडलं. त्यातल्या पाकिटावर टपालवाल्यांनी शाईनं लिहून ठेवलंय : ‘१८६० साली इंडियनांनी चोरलेल्या टपालातून परत मिळालेले’. (इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आपण नव्हे.) पत्रात काय होतं याची आज कुणाला पर्वा आहे? पाकिटावरची ती एक ओळ मात्र जगभरच्या संग्राहकांना तोंडपाठ आहे.

अशी अस्सल पोनी पाकिटं जगात अडीचशेच्या आसपास नोंदलेली आहेत आणि किंमत लाखांत. माझ्याकडे अर्थातच नाही. माझ्याकडे आहेत ती दरवर्षी हौशी स्वार त्याच वाटेनं पुन्हा टपाल नेतात त्यातली पाकिटं. ती स्वस्तात मिळतात आणि खरोखर खोगिरावरून गेलेली असतात. शिवाय १९४० चं तीन सेंटचं पोनी तिकीट लावलेली फर्स्ट डे कव्हर्स, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं. खोटा माल मात्र या विषयात रग्गड. मी आधी तारीख बघतो. सुरुवातीला टपाल आठवड्यातून एकदाच निघे, जून १८६० पासून दोनदा. ज्या दिवशी घोडा निघालाच नाही त्या दिवसाचा शिक्का असेल तर पुढं बघायचंच नाही.

आणि आपल्याकडे काय होतं, हेही विचारतातच. होतं की. १८५२ मध्ये बार्टल फ्रियर या इंग्रज अधिकाऱ्यानं सिंधमध्ये टपालासाठी घोडे आणि उंट लावले. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट, सिंध डाक, त्याच व्यवस्थेतलं. पण खरं सांगू का, आपल्या मुलखात बाजी मारली ती पायानं. चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानं मुहम्मद तुघलकाच्या दोन्ही डाका पाहिल्या. घोड्याची चौकी दर चार मैलांवर, पायी डाकेच्या एका मैलात तीन. हातातल्या काठीला तांब्याची घुंगरं बांधून धावणारा हरकारा घोड्यापेक्षा वेगानं पोचतो, असं त्यानं लिहून ठेवलंय. सुलतान आपल्या दौलताबादेत असला की गंगेचं पाणीसुद्धा याच माणसांच्या हातून यायचं, चाळीस दिवसांच्या वाटेनं.

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. त्याआधी पावसाळ्यात वारणा आणि पंचगंगा ओलांडायची म्हटल्यावर घोड्याचा उपयोग किती झाला असेल, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. १९३७ च्या सहाव्या जॉर्जच्या तिकिटांत टपालाची सगळी वाहनं आहेत : हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, बोट, लॉरी, विमान. टांग्याला जुंपलेला घोडा आहे, पण पाठीवर स्वार असलेला घोडा नाही. हा संच मी प्रत्येक प्रदर्शनात पोनीच्या पाकिटांशेजारी मुद्दाम लावतो. बघणाऱ्यांतले काही जण स्वतःच स्वार शोधायला लागतात.

आता तुमच्या कामाचं. जुन्या पेठांमधल्या घरांत माळ्यावर ट्रंका असतात आणि त्यांत कागद असतात. लखोटे सापडले तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका, पाकिटासकटच ठेवा. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरते, कसर लागते, म्हणून जूनच्या आधी ट्रंक जमिनीवरून उचलून कोरड्या कपाटात हलवा. घडी उलगडायचीच असेल तर हात कोरडे हवेत आणि पंखा बंद. आणि कुणी कितीही सुचवलं तरी लॅमिनेशनच्या दुकानात नेऊ नका.