स्टाफ अधिकाऱ्याचा पदकसंच : एअर क्रू युरोप स्टारचा तिढा

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाच्या एका विंग कमांडरांचा पदकसंच मी तपासतो आहे; तो जवळजवळ मार्गी लागल्याचे मी गेल्या नोंदीत लिहिले होते. ते विधान आता मागे घ्यावे लागत आहे. विंग कमांडरसाहेबांचा ओबीई हा किताब 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात सापडला, डिस्पॅचेसमधील (म्हणजे सेनापतीच्या युद्धअहवालातील) गौरवपर उल्लेखही मिळाला आणि वॉर मेडलच्या फितीवरील कांस्य ओकपान त्यामुळे हक्काचे ठरले. त्यांची स्टाफ नेमणूक भूमध्य आघाडीवरील मुख्यालयांत होती, तेव्हा आफ्रिका आणि इटली स्टारचा प्रश्नच नव्हता. गाडे अडले आहे ते एअर क्रू युरोप स्टारपाशी, म्हणजे ब्रिटनमधून युरोपवर युद्धउड्डाणे करणाऱ्या वैमानिक चमूंसाठीच्या पदकापाशी.

ब्रिटनने हे स्टार नाव न कोरताच दिले, त्यामुळे पदक स्वतः काही सांगत नाही. शिवाय हा स्टार महाग असल्याने त्याच्या नकलाही भरपूर आहेत. माझ्याकडील स्टार मापात बसतो (उंची ४४ मिमी, रुंदी ३८ मिमी), भिंगाखाली अक्षरांच्या कडा धारदार दिसतात आणि ओतकामाची बारीक छिद्रे कोठेही नाहीत. अतिनील दिव्याखाली मात्र बारचा (पदके ओळीने टांगण्याच्या पट्टीचा) शिवणदोरा निळसर चमकला आणि धस्स झाले; अशी चमक युद्धानंतरच्या दोऱ्यात दिसते. फिती मंदच राहिल्या, म्हणजे फिती जुन्या आणि शिवण युद्धानंतरची. ती कोणा अडाण्याने घातली आहे याचा पुरावाही हाती लागला : आफ्रिका स्टारची फीत उलटी आहे. गडद निळा पट्टा डाव्या खांद्यापासून दूर हवा, तो येथे खांद्याकडे आला आहे. असा माणूस रिकामी जागा भरण्यासाठी एखादा स्टार घुसडणार नाही, असे कोण म्हणेल?

म्हणून स्क्वॉड्रनच्या ऑपरेशन्स रेकॉर्ड बुककडे, म्हणजे कामगिरीच्या नोंदवहीकडे वळलो. लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराच्या एअर २७ मालिकेतील फॉर्म ५४१ ची (प्रत्येक उड्डाणाच्या तपशिलाची) पाने चाळताना, स्टाफमध्ये जाण्यापूर्वीच्या काळात, एका बॉम्बर विमानाच्या चमूत ऑब्झर्व्हर (दिशादर्शक) म्हणून त्यांचे नाव दिसले, तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आनंद हिशेबापर्यंतच टिकला. १९३९-४५ स्टारसाठीचे दोन महिने आधी पुरे व्हावे लागतात आणि एअर क्रू युरोपचे दोन महिने त्यानंतर सुरू होतात. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या उड्डाणांत मात्र जेमतेम शंभर दिवसांचे अंतर आहे. तीनएक आठवडे कमी पडतात.

संशयित स्टार उसवून काढायचा आणि उरलेला संच नव्याने बांधायचा, असे मी ठरवलेही होते. त्यासाठी मागवलेली 'जुन्या विणीची' फीत दिव्याखाली ट्यूबलाइटसारखी उजळली. त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही. पण हा हिशेब येथे मांडतानाच त्यातील चूक ध्यानात आली. मी उड्डाणांमधले अंतर मोजत होतो, तर मोजायला हवी ती कार्यरत स्क्वॉड्रनमधील सेवा, आणि अधिकारी रुजू झाल्याच्या व बदलून गेल्याच्या नोंदी फॉर्म ५४१ मध्ये नव्हे, तर फॉर्म ५४० मध्ये असतात. ती पाने मी कंटाळवाणी म्हणून ओलांडली होती. पहिल्या उड्डाणाआधी तीनएक आठवडे ते स्क्वॉड्रनवर नुसते थांबून असतील, तर अख्खा तिढा सुटतो.

त्या महिन्यांच्या फॉर्म ५४० च्या प्रती आज मागवल्या आहेत. तोवर फक्त आफ्रिका स्टारची फीत सुलटी करणार आहे, तीही चमक न मारणाऱ्या सुती दोऱ्याने. बाकीच्या शिवणीला हात लावणार नाही.