एकतीस नंबरची तार

पिनबॉल म्हणजे उतरत्या टेबलावर गोळी उडवत ठेवायचा खेळ. त्याच्या टेबलात बंपर, स्लिंगशॉट, टार्गेट ही मंडळी आपापली कामं आपोआप करतात. खेळणाऱ्याचा हात थेट चालतो तो फ्लिपरवर, म्हणजे बटण दाबलं की गोळीला फटका मारणाऱ्या छोट्या बॅटवर. फ्लिपर मलूल पडला की माणूस टेबल सोडून निघून जातो, मग वर कितीही दिवे लावा. म्हणून बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये पहिलं टेबल उभं करताना सगळ्यात जास्त वेळ फ्लिपरवर घालवला. तरीही टेबल पाठवायच्या आदल्या दिवशी अडलो ते फ्लिपरवरच.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये एकाच बॉबिनवर, म्हणजे रिळावर, दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. आतलं जाड तारेचं, ते फटका मारतं. ४८ व्होल्टला ४ ओहम म्हणजे १२ अँपिअर. एवढा करंट काही मिलिसेकंदच जायला हवा. बॅट वर पोचली की एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच कंट्रोलरला खबर देतो, आतलं वाइंडिंग बंद होतं आणि बटण दाबलेलं असेपर्यंत बाहेरचं बारीक तारेचं वाइंडिंग बॅट नुसती धरून ठेवतं. जिच्यावरून आमच्या कॉइल बनवल्या त्या नमुन्याच्या कॉइलमध्ये ते १२५ ओहमचं होतं, म्हणजे साधारण १८ वॅट. गोळी २७ मिलिमीटरची, वजन ८० ग्रॅम. साडेसहा अंश उताराच्या टेबलावर ती रॅम्पच्या, म्हणजे चढणीच्या, माथ्यावर पोचवायची ताकद या एवढ्याशा कॉइलमधून काढायची असते.

दोष असा होता. टेबल थंड असताना फ्लिपर सुरेख चालायचे, रॅम्पचा शॉट दहापैकी नऊ वेळा लागायचा. वीस-पंचवीस मिनिटं खेळलं की डावा फ्लिपर सुस्तावायचा आणि गोळी रॅम्पच्या अर्ध्यावरून परत यायची. मग उजवाही तसाच. अर्धा तास बंद ठेवलं की दोन्ही पुन्हा ठणठणीत.

आधी नेहमीच्या संशयितांना पकडलं. एंड-ऑफ-स्ट्रोक स्विचची पानं घाण झाली किंवा त्यांच्यातली फट बिघडली तर आतलं वाइंडिंग वेळेवर सुटत नाही, पण तसं झालं असतं तर कॉइल काही सेकंदांतच धुरावली असती. पॉवर सप्लाय फटक्याच्या क्षणीही ४७ व्होल्टच्या खाली येत नव्हता. कॉइलला करंट सोडणारे मॉसफेट थंड होते. दोन्ही डायोडची पट्टी पॉझिटिव्हकडेच होती, म्हणजे ते उलटे लागले नव्हते. कॉइलच्या आत सरकणारा दांडा, म्हणजे प्लंजर, हाताने सरकवून पाहिला, तर तो नायलॉनच्या स्लीव्हमध्ये किंचित घासत होता. स्लीव्ह उष्णतेने आत दबली होती. कॉइलवर तापमानाची गन धरली, आकडा आला ११८ अंश.

आणि इथे मीटरने फसवलं. गरम कॉइलचं आतलं वाइंडिंग ४.४ ओहम दाखवत होतं. नमुन्याची कॉइल ४ ओहमची, तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, तेव्हा थोडं जास्त दिसणारच, असं धरून पुढे गेलो. अडीच तास वायरिंग हार्नेस उलगडण्यात गेले. कॉइल आधी थंड करून मोजायला हवी होती. संध्याकाळी पंख्याखाली गार झाल्यावर मोजली, तेव्हा आतलं ३.३ ओहम आणि बाहेरचं फक्त ५६. बटण दाबून धरलं की १८ वॅटऐवजी ४१ वॅट. बंद कॅबिनेटमध्ये, बडोद्याच्या मे महिन्यात.

बाहेरच्या वाइंडिंगचं टोक खरवडून मायक्रोमीटरमध्ये धरलं. ०.२९ मिलिमीटर. नमुन्याची तार ०.२३ ची होती.

बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचे इतके कारखाने आहेत की वाइंडिंगचा हात असलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या कॉइल प्रतापनगरकडच्या एका काकांनी भरल्या होत्या. मोटारी भरण्यात त्यांची हयात गेली आहे आणि त्यांच्या वेटोळ्यात एक आंटा दुसऱ्यावर चढलेला दिसायचा नाही. फोन केला.

"काका, तार कितीची घातलीत?"

"कागदावर होती तीच की! एकतीस नंबर. गेज प्लेट लावूनच घेतली. पण बॉबिनमध्ये समावतच नव्हती रे. सातशे आंटे कमी केले. बिलावर लिहिलंय मी."

बिल काढून पाहिलं. खरोखर लिहिलं होतं: "३१ नं. – २२०० आंटे." मागितले होते २९००. बिल तीन आठवडे परचेसच्या फाइलमध्ये पडून होतं. ते पास करणाऱ्याने रक्कम जुळवली, आंटे जुळवले नाहीत. आमच्याकडे रक्कम तपासायला दोन सह्या लागतात, माल मोजायला एकही लागत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

काकांची गेज प्लेट, म्हणजे तारेची जाडी मोजायची पट्टी, ब्रिटिश मापाची, एसडब्ल्यूजी. आपल्याकडचा वाइंडर "नंबर" म्हणतो तेव्हा हेच माप त्याच्या मनात असतं. नमुना अमेरिकन, त्याचा नंबर एडब्ल्यूजीचा, म्हणजे अमेरिकन मापाचा. ३१ एडब्ल्यूजी म्हणजे ०.२२७ मिलिमीटर, ३१ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.२९५. ड्रॉइंगवर नुसतं "३१ नं." होतं. काकांनी त्यांच्या मापाप्रमाणे बरोबरच तार घातली, आणि तार जाड म्हणून आंटे कमी बसले. रोध दोन्हीकडून घटला.

त्याच रात्री आमच्या प्रोग्रॅमरने सुचवलं की होल्डचा, म्हणजे बॅट धरून ठेवणारा, करंट पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट चालू-बंद करून, निम्मा करू, टेबल उद्या जाऊ दे. गणिताने तो चुकत नव्हता, गरमी उतरली असती आणि फ्लिपरने गोळीही धरली असती. पण वर्षभराने कुणी बरोबर मापाची सुटी कॉइल बसवली की त्याच प्रोग्रॅमवर बॅट निम्म्या ताकदीने धरली जाईल, गोळी आदळताच खाली येईल, आणि तेव्हा कारण शोधायला आमच्यापैकी कुणी तिथे नसेल. मी नाही म्हटलं. टेबल थांबलं. गेम झोनवाल्यांचे फोन घेतले.

पण खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी कळली. नमुन्याची, म्हणजे बरोबर कॉइल डाव्या फ्लिपरला लावून दहा शॉट मारले. रॅम्पवर तीनच गेले. रॅम्पची उंची, तोंडाचा उतार, तोंडावरची स्टीलची पट्टी, सगळं आम्ही चुकीच्या कॉइलवर जुळवलं होतं. आतली तारही काकांच्या मापाने जाडच आली होती, त्यामुळे आतल्या वाइंडिंगला १२ ऐवजी साडेचौदा अँपिअर मिळत होते. तीन आठवडे ज्या झणझणीत फ्लिपरचं आम्ही कौतुक करत होतो, तो झणका त्या गफलतीचाच होता. रॅम्प खाली घ्यावा तर त्याच्याखाली पॉप बंपरची टोपी, आठ मिलिमीटरही जागा नाही.

शेवटी आतलं वाइंडिंग काकांचंच ठेवलं, ०.५६ मिलिमीटर, ६५० आंटे. बाहेरचं ०.२३, पुरे २९०० आंटे. बॉबिनमध्ये घट्ट बसतं, पण बसतं. काकांना मिलिमीटर सांगितले तर म्हणाले, "मग सरळ चौतीस नंबर म्हणायचं ना!" ३४ एसडब्ल्यूजी म्हणजे ०.२३४. त्यांच्या प्लेटवर ते आधीपासूनच होतं.

नव्या कॉइल आणि नव्या स्लीव्ह घालून चाळीस मिनिटं सलग खेळलो. ७१ अंश. शेवटच्या दहात आठ शॉट रॅम्पवर. टेबल सहा दिवस उशिरा गेलं.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. पहिल्याच दिवशी कॉइल बरोबर आल्या असत्या, तर रॅम्प आम्ही बुटका केला असता, आणि तो शॉट आजच्याइतका मजेचा झाला असता का, हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्या टेबलाचा रॅम्प आखायला घेतलाय. काकांच्या नव्या लॉटमधल्या प्रत्येक कॉइलला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आली आहे: दोन्ही तारांचे मिलिमीटर, दोन्हीचे आंटे, आणि खाली कंसात "थंड" लिहून दोन्हीचे ओहम.